बुजवलेला शुक्र

लोकांना वाटतं, फोटोग्राफर म्हणजे माणूस हळवा असणार. मी नाही. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र दिसायला लागला की लोणावळ्यात हवा खायला आलेली मंडळी एकमेकांना बोट करून दाखवतात, बायका पोरांना उचलून घेतात, आणि मी आपला स्टँडचे पाय आवळत राहतो. मला त्याचं काही वाटत नाही. वाटावं म्हणून एकदोनदा मुद्दाम टक लावून बघितलं, तरी नाही. आता तो नादही सोडला.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. बाजाराच्या तोंडाशी एक फोटोचं दुकान होतं, तिथं मी कामाला होतो. बायको कामशेतजवळच्या वडिवळ्याची, शेतकऱ्याची लेक. पहिलं बाळंतपण म्हणून दसऱ्यानंतर ती माहेरी गेली आणि दिवाळी सरल्यावर तिला मुलगी झाली. मुलगी ठणठणीत होती. आईच्या अंगात मात्र कसर राहिली. दिवसा बरी असायची, दिवेलागणीला अंग तापायचं. गावच्या वैदूनं काढे दिले, सुईणीनं शेक दिले. मी दर आठवड्याला जायचो आणि दर आठवड्याला तिच्या हातातल्या बांगड्या थोड्या आणखी वर सरकलेल्या दिसायच्या.

लोणावळ्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "इथं घेऊन या. रोज बघावं लागेल, सुया टोचाव्या लागतील. एवढ्या लांबून औषधाची बाटली देऊन काही व्हायचं नाही." मी त्याच पावली वडिवळं गाठलं आणि सासऱ्यांना सांगितलं, उद्या गाडी जुंपा, हिला घेऊन जातो.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. आदल्या पावसाळ्यात ते शेताच्या बांधावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते पुन्हा नीट सांधलं नाही. काठी टेकत अंगणापर्यंत यायचे, त्यापुढे नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्र बुडालाय, पावनं."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शुक्र अधूनमधून काही आठवडे सूर्याच्या उजेडात गडप होतो, ना पहाटे दिसत ना संध्याकाळी. त्याला शुक्र बुडाला म्हणतात. बुडालेल्या शुक्रात लग्नं लावत नाहीत, नवी सून आणत नाहीत, आणि पहिलं मूल पदरात घेतलेली लेक सासरी पाठवत नाहीत. माझ्या घरीही हे पाळायचे. पण पाळायचे म्हणजे सोयीनं पाळायचे. आबांचं तसं नव्हतं.

त्यांची एक थोरली लेक होती. तिच्या सासरच्यांनी घाई केली, भटजींनी पंचांग उघडून शुक्र वर आल्याचं सांगितलं, गावातल्या दोघातिघांनी आम्ही डोळ्यांनी पाहिला म्हणून शपथा घेतल्या. आबांनी तान्ह्या मुलासकट तिला पाठवली. त्याच पावसाळ्यात ती गेली. तेव्हापासून आबांनी कानाला खडा लावला होता. पंचांगातला शुक्र त्यांना चालत नव्हता आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेलाही चालत नव्हता.

होळीच्या सुमारास भटजी म्हणाले, आला वर, आता हरकत नाही. आबा रोज सूर्य मावळला की काठी घेऊन अंगणात उभे राहायचे. पण वडिवळ्याच्या पश्चिमेला हा एवढा डोंगर आडवा. त्यात राब भाजायचे दिवस. भाताच्या रोपांसाठी खाचरांतून पालापाचोळा पेटवतात, त्याचा धूर संध्याकाळी खाली बसतो आणि अख्खं मावळ चुलीपाशी बसल्यासारखं होतं. शुक्र अजून खाली होता, डोंगराच्या पाठीमागे. डोंगर ओलांडून वर यायला त्याला आणखी कितीतरी दिवस लागणार होते.

"आबा, खंडाळ्याच्या कड्यावरून कोकण उघडं दिसतं. तिथून नक्की दिसत असेल. मी बघून येतो आणि तुम्हाला सांगतो," मी म्हटलं.

"तुमच्या सबदावर इस्वास न्हाई असं न्हाई, पावनं. पर थोरलीच्या वक्ताला बी मानसांनीच सांगितलं व्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आज लोक मला म्हणतात, बायको तुझी, उचलून आणायची होतीस. गाडी त्यांची, बैल त्यांचे, आणि हाकणारा माझा मेव्हणा, तो बापाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. आणि ती स्वतः तयार नव्हती. मी चिडून आत गेलो तर म्हणाली, "आबांचं मन मोडून निघाले आन् वाटंत माझं काय बरंवाईट झालं, तर ते सवताला खातील. एकदा खाल्लंय त्यांनी. आता अंगावर काय उरलंय त्यांच्या?" मग मला जरा हसू यावं म्हणून म्हणाली, "अवो, तुमी एवढं फोटूवालं. मुंबैच्या बायांचं फोटू काढता. त्या शुक्राचा काढा की एक."

ती थट्टेत म्हणाली, पण मी तसाच बाहेर आलो आणि आबांना विचारलं, "फोटो आणला तर?"

त्यांच्या घरात एकच फोटो होता, आमच्या लग्नाचा, मीच स्टँड लावून काढवलेला. त्यात त्यांच्या फेट्याचा सुटलेला पदरसुद्धा जसाच्या तसा आला होता, आणि त्यावरून त्यांना गावभर चिडवून झालं होतं. ते म्हणाले, "फोटू खोटं न्हाई बोलायचा. आना. त्यात दिसला तर माज्या डोळ्याला दिसला असं धरीन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातला मोठा कॅमेरा, स्टँड आणि काचेच्या प्लेटा घेऊन खंडाळ्याच्या कड्यावर जाऊन बसलो. त्या काळी फिल्म आमच्यासारख्यांच्या वाट्याला येत नव्हती, सगळं काम काचेवर. आयुष्यात मी माणसं सोडून कशाचा फोटो काढलेला नव्हता. नवरा बसलेला, बायको उभी, मध्ये फुलदाणी, एवढंच माझं शिक्षण.

सूर्य कोकणात उतरला. खाली दऱ्यांतून धूसर पिवळा पट्टा पसरलेला होता. मी शोधतोय, शोधतोय, काही नाही. मनात आलं, भटजीही चुकला आणि मीही. मग तो पट्टा तांबूस झाला, त्याच्या जरा वर आभाळ निळसर व्हायला लागलं आणि तिथं तो होता. लहान, एकटा, न लुकलुकणारा. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "आलास होय रे" म्हणालो. त्या साऱ्या काळात मला झालेला तो शेवटचा आनंद, म्हणून लक्षात आहे.

काळं कापड डोक्यावरून घेतलं. त्या कापडाखाली दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. कडा वर लोंबत होता, आभाळ खाली पसरलं होतं आणि त्यात शुक्र. जागा ओळखू यावी म्हणून मी कड्याच्या टोकाचं एक वाळकं झाड मुद्दाम चौकटीत घेतलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की आभाळ कुठलंही असेल. पहिल्या दिवशी घाई केली, आभाळात उजेड जास्त होता, शुक्र उमटलाच नाही. पुढल्या दिवशी झाकण काढून जास्त वेळ थांबलो तर वाऱ्यानं स्टँड हलला आणि शुक्राची अळी झाली. त्याच्या पुढल्या दिवशी स्टँडला दगड बांधले, श्वास रोखला, आणि साधलं. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली काच धुतली तेव्हा राखाडी आभाळावर एक काळाकुट्ट ठिपका दिसला. काचेवर उजेडाचं काळं होतं, हे तर ठरलेलंच.

मालकांना सगळं सांगितलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. सासऱ्यांना आभाळाचा फोटो दाखवायचाय, मग बायकोला आणता येईल, एवढं त्यांना कळलं होतं. माणूस दिलदार. म्हणाले, "सासऱ्याला द्यायचाय ना, मग कागदावर मी स्वतः उतरवून देतो. तू बंगल्यावरच्या शेटजींचं काम करून ये." मी शेटजींच्या घरची माणसं उंचीप्रमाणे उभी करायला गेलो. परत आलो तोवर फोटो पुठ्ठ्यात घालून, पातळ कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून तयार होता. मी तो न सोडता तसाच पिशवीत ठेवला आणि सकाळच्या आगगाडीनं कामशेतला उतरलो.

आबा वाटच बघत होते. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. बायकोला दाराशी घोंगडीवर आणून बसवली, मूल तिच्या मांडीवर. मी दोरा सोडला, कागद उलगडला आणि फोटो आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. कडा होता, झाड होतं, आभाळ होतं.

"कुटंय?" आबा म्हणाले.

मी बोट न्यायला गेलो आणि बोट तसंच हवेत राहिलं. आभाळ वरपासून खालपर्यंत स्वच्छ होतं.

आता हे फोटोच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. काचेवर धुळीचा कण बसला की कागदावर पांढरा ठिपका उठतो. प्रत्येक फोटोवर असे दहावीस असतातच. मग बारीक कुंचला ओठानं ओला करायचा, पातळ शाईत टेकवायचा आणि एकेक ठिपका बुजवायचा. आमचे मालक या कामात असे पटाईत की देवीचे वण असलेल्या माणसाचा चेहरा लोण्यासारखा करून द्यायचे, आणि माणूस घरी जाऊन आरशावर रागवायचा. त्यांनी माझं आभाळ बघितलं, त्यात पांढरा ठिपका बघितला, आणि सासऱ्याला द्यायचा फोटो म्हणून प्रेमानं बुजवून टाकला. आभाळाचा फोटो, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्या आभाळात काय बघायचंय, ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी फोटो तिरका धरला. शाई बसलेल्या जागी चकाकी थोडी मेलेली दिसते. "आबा, हे बघा, इथं आहे. आमच्या मालकांनी चुकून शाईनं बुजवलाय."

आबांनी तिरकं धरूनही बघितलं. म्हणाले, "म्हंजे बुडालेलाच की."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसलो. तेव्हा बायकोनं हात पुढे केला आणि फोटो घेतला. मी दाखवलेली जागा तिनं बरोबर हेरली, करंगळी जिभेला लावली आणि त्या जागी हलकेच घासली. शाई पाण्याचीच असते. बोट काळं झालं आणि कागदावर पांढराशुभ्र शुक्र वर आला.

"ह्यो बघा, आबा," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज असा निघाला होता.

आबांनी फोटो घेतला, बघितला, तिच्या काळ्या बोटाकडे बघितलं. "बाय," ते म्हणाले, "कागुद घासला म्हंजी पांढराच निगतो. तुला जायाचं हाय म्हून तू घासलास. थोरलीला बी जायाचंच व्हतं."

मी म्हटलं, दुसरा आणतो, शाई न लावलेला, मी स्वतः उतरवलेला. आबा म्हणाले, "आना. तोवर डोंगरावरनं बी वर ईल." ती हसून म्हणाली, "अवो, आता मालकास्नी हात लावू दिऊ नगा." तो बुजवलेला आणि पुसलेला फोटो तिनं माझ्याकडून मागून घेतला आणि उशाखाली ठेवला.

मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला. मग म्हणाले, "अरे, मला काय ठाऊक, तेवढ्यासाठीच आभाळ काढलंय." खरंच होतं. इतकी वर्षं पांढरा ठिपका दिसला की बुजवायचा, हाच त्यांचा धर्म. मी दुसरा फोटो स्वतः उतरवला. धुळीचे चारपाच ठिपके पडले होते तेही तसेच ठेवले, एकालाही शाई लावली नाही. पण सुट्टीचे दिवस होते, बंगले भरलेले, आणि मालक म्हणाले, दोन दिवस काढ, मग जा. मीही थांबलो. दोन दिवसांनी काय होणार, असंच वाटलं.

कामशेतला उतरलो तर मेव्हणा स्टेशनावर उभा होता. मला न्यायला तो कधी येत नसे. त्यानं डोक्याचा टॉवेल काढून हातात धरला होता. मी विचारलं, "मूल?" तो म्हणाला, "पोर बरी हाय." एवढं बोलून तो गाडीकडे वळला. मी त्याच्या मागोमाग गेलो. रात्रीत ताप चढला आणि पहाटे ती गेली. मी येईन म्हणून सगळे तिला न्यायचे थांबले होते. बैलांच्या गळ्यातल्या घंटा त्यानं काढून ठेवल्या होत्या, हे मला अर्ध्या वाटेत कळलं.

त्यानंतरचं मला फारसं सांगता येत नाही. लपवायचं म्हणून नाही. नाहीच आठवत. नदीवर कुणी माझ्या खांद्यावर मडकं दिलं, कुणी मागून भोक पाडलं, मी चाललो. लोक रडत होते. मी सासूबाईंना सांगितलं की मुलीला शेळीचं दूध पातळ करून द्या, आणि मला तो माझाच आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा वाटला. आबांचा मला राग यायला हवा होता. पूर्वी आला होता तेवढासुद्धा आला नाही. जेवायला वाढलं की जेवायचो. आबा आणि मी ओसरीवर समोरासमोर बसायचो. माझी पिशवी खुंटीला होती. तिच्यात तो दुसरा फोटो होता. मी ती काढली नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दिवसकार्य आटपलं. राब भाजून झाले होते, वारा सुटला होता, धूर गेला होता. त्या संध्याकाळी मी आत मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो. आबांनी अंगणातून हाक मारली, "पावनं, भायेर या."

मी मुलीला तशीच घेऊन बाहेर गेलो. ते काठीवर रेलून पश्चिमेकडे बघत होते. डोंगराच्या खिंडीत, माथ्याच्या हातभर वर, तो होता. कड्यावरून दिसला होता त्याहून मोठा दिसत होता. मला काही वाटलं नाही. मुलीच्या डोक्यावरचं टोपरं वाऱ्यानं सरकलं, ते मी नीट केलं.

आबा म्हणाले, "तिच्या उशाखालचा त्यो फोटू आना."

सासूबाईंनी आणून दिला. आबांनी तो डोळ्यांजवळ धरला. शाई पुसल्याचा डाग होता, त्याच्या मधोमध पांढरा ठिपका. ते फोटोकडे बघायचे, मग आभाळाकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"तिनं दावला त्यो ह्योच का?"

"होय," मी म्हटलं.

"तवाबी व्हता. डोंगरामागं."

"होय."

"मंग तवाच धाडाया पायजे व्हती."

मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पुष्कळ काही बोलता आलं असतं, कितीतरी दिवस मी ते मनात जुळवलेलं होतं. आबांनी फोटो माझ्या हातात दिला, आणि मेव्हण्याकडे न बघताच त्याला सांगितलं, "सकाळच्या पारी गाडी जुंप. शुक्र दिसलाय. लेक सासरी धाडायची हाय."

कुठली लेक, हे आम्ही कुणी विचारलं नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सकाळी गाडी दारात उभी होती. लेक पाठवताना करतात ते सगळं सासूबाईंनी केलं होतं. खण होता, नारळ होता, तांदूळ होते, शिदोरी बांधलेली होती. तिच्यासाठी आणून ठेवलेलं हिरवं लुगडं त्यांनी घडी करून वर ठेवलं आणि त्यावर मुलीला निजवली. मेव्हण्यानं पेंढा पसरून वर घोंगडी घातली होती, आजारी बाईला आडवं होता येईल एवढी. आबा काठी टेकत गाडीपाशी आले आणि त्यांनी ती घोंगडी हातानं चाचपून बघितली, कुठं टोचत नाही ना म्हणून. मग म्हणाले, "सावकास हाक. तिला हिसकं सोसायचं न्हाईत."

मेव्हणा "व्हय" म्हणाला. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो, आणि कामशेतपर्यंत त्यानं गाडी सावकाश हाकली.